वीतभर उंचीवरचा ध्रुवतारा

श्रोतेहो, नमस्कार. आमच्या अकरा वर्षांच्या मुलीला आम्ही नाशिकमध्ये घरीच शिकवतो. दहावीची परीक्षा तिने राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेमार्फत द्यावी, असे तूर्त ठरले आहे. आम्ही ख्रिस्ती असल्यामुळे मला दोन बाजूंनी विचारणा होते. विज्ञान शिकून पोरीचा विश्वास डळमळणार नाही ना, अशी आमच्या चर्चच्या मंडळीतल्या वडीलधाऱ्यांना काळजी वाटते, तर पवित्र शास्त्र म्हणजे बायबल मानणाऱ्या घरात विज्ञान धड शिकवले जात असेल का, अशी इतरांना शंका येते. दोघांनाही मी आमच्या गच्चीवर बोलावते.

गच्चीवरचा आमचा पहिला धडा ध्रुवताऱ्याचा होता. उत्तरेला, म्हसरूळच्या चांभार लेण्यांच्या डोंगराकडे तोंड करून हात ताठ पुढे धरायचा, पंजा पूर्ण ताणायचा आणि करंगळीचे टोक क्षितिजाला टेकवायचे. अंगठ्याचे टोक जिथे पोहोचते, तिथेच आसपास ध्रुव सापडतो. ध्रुव क्षितिजापासून जितके अंश वर दिसतो, जवळजवळ तितकेच त्या ठिकाणचे अक्षांश असतात; ताणलेली ही वीत आकाशात सुमारे 20 अंश व्यापते आणि नाशिकचे अक्षांशही 20 च आहेत. मुलांचा हात आखूड असला तरी पंजाही त्याच प्रमाणात लहान असतो, त्यामुळे त्यांचेही माप चुकत नाही. पृथ्वीवर आपण कुठे उभे आहोत हे आपल्याच वितीने कळते, याचा मुलीला इतका आनंद झाला की पुढचा आठवडाभर तिने घरात येईल त्याला गच्चीवर नेले.

गुरू ग्रहाचा धडा तर नाशिककरांच्या दारातच आहे. गुरू सिंह राशीत आला की येथे सिंहस्थ भरतो, हे सर्वांना ठाऊक आहे. आम्ही कुंभस्नानाला जात नाही, परंतु ज्या ग्रहाच्या चालीवर आपल्या गावाचा एवढा मोठा मेळा ठरतो, त्याची चाल मुलीला माहीत असलीच पाहिजे असे मला वाटते. गुरूची सूर्याभोवतीची फेरी 11.86 वर्षांत, म्हणजे बारा वर्षांना जवळजवळ 50 दिवस कमी असतानाच पूर्ण होते. ही तूट सात फेऱ्यांत वर्षभराची होते, हे तिने स्वतः गुणाकार करून काढले.

आता माझी स्वतःची एक चूक सांगते. गुड फ्रायडेला आमच्याकडे दुपारी बारा ते तीन अशी उपासना असते आणि तीत येशूने वधस्तंभावरून काढलेल्या सात उद्गारांवर मनन होते. येशूचे चरित्र सांगणाऱ्या शुभवर्तमानांनुसार त्याच तीन तासांत देशभर अंधार पडला होता. उपासना संपवून भर उन्हातून घरी येताना मुलीने विचारले, की तो अंधार कशाने पडला असेल. मी थकले होते; ‘सूर्यग्रहण लागले असेल,’ असे म्हणून मोकळी झाले. घरी आल्यावर तिने आपली चंद्राची वही आणून माझ्यापुढे उघडली. त्या महिन्यात ती रोज रात्री चंद्र काढत होती आणि आदल्या रात्रीचे चित्र जवळजवळ पूर्ण गोल होते. तिने विचारले, ‘आई, चंद्र सूर्याच्या समोरच्या बाजूला असताना तो सूर्याला झाकणार कसा?’

माझ्यापाशी उत्तर नव्हते. येशूला वधस्तंभावर दिले ते यहूद्यांच्या वल्हांडण सणाच्या दिवसांत, आणि वल्हांडण येतो पौर्णिमेला. सूर्यग्रहण मात्र अमावास्येलाच लागते. शिवाय खग्रास स्थिती एका ठिकाणी फार तर साडेसात मिनिटे टिकते, तीन तास नव्हे. आजही ईस्टरचा रविवार वसंतातल्या पौर्णिमेवरूनच ठरतो, म्हणून तो कधी होळीच्या, तर कधी चैत्राच्या पौर्णिमेनंतर येतो. 2026 चे कॅलेंडर उघडून पाहा: 2 एप्रिलला हनुमान जयंतीची पौर्णिमा, 3 तारखेला गुड फ्रायडे आणि 5 तारखेला ईस्टर. त्या अंधाराचे कारण मला सांगता येत नाही, एवढे मी मुलीपुढे कबूल केले. पवित्र शास्त्राला आधार द्यायला निघालेल्या आईने चुकीचे खगोलशास्त्र सांगितले आणि ते तिच्या वहीने पकडले, याचे मला वाईट वाटले नाही. किंचित लाज मात्र वाटली.

त्या संध्याकाळी मी तिला खगोलशास्त्रज्ञ केप्लरची गोष्ट सांगितली. तो धर्मोपदेशक व्हायला निघालेला, ईश्वरशास्त्र शिकलेला भाविक माणूस होता. मंगळाची कक्षा वर्तुळाच्या आधाराने बसवण्यासाठी त्याने वर्षानुवर्षे आकडेमोड केली; शेवटी आकाशनिरीक्षक टायको ब्राहेच्या नोंदींशी फक्त 8 कलांचा, म्हणजे पूर्णचंद्राच्या रुंदीच्या साधारण पाव भागाइतका फरक उरला. तेवढा त्याने चालवून घेतला असता तर कोणी बोलले नसते. त्याने तो चालवून घेतला नाही, सारे पुन्हा मांडले आणि 1609 साली मंगळाची कक्षा लंबवर्तुळाकार असल्याचे प्रसिद्ध केले.

अवघड प्रश्न येतातच. पावसाळ्यात आमची गच्ची बंद असते आणि आम्ही पाऊस मोजतो. आकाश मोकळे झाल्यावर अमावास्येच्या सुमारास शहराचे दिवे मागे टाकून गंगापूर धरणाच्या पुढे जातो. तेथे देवयानी दीर्घिका नुसत्या डोळ्यांनी पुसट डागासारखी दिसते. तिचा प्रकाश 25 लाख वर्षांपूर्वी निघाला, हे ऐकून मुलीने बायबलमधल्या उत्पत्तीच्या पुस्तकातल्या पहिल्या अध्यायातील, सृष्टी घडवण्याच्या सहा दिवसांचे काय, असे विचारले. ते दिवस आपल्या दिवसांसारखेच होते असे मानणारे आमच्या मंडळीत आहेत आणि तसे न मानणारेही आहेत. मी दुसऱ्या गटातली आहे, हे तिला सांगितले. ते दिवस कसले होते, यावर पाचव्या शतकाच्या आरंभी संत ऑगस्टीननेही पुष्कळ विचार केला होता. ताऱ्यांविषयी ख्रिस्ती माणूस पवित्र शास्त्राच्या नावाने काहीबाही बोलू लागला, तर ऐकणारा त्याच्या पुनरुत्थानाच्या गोष्टीवर तरी का विश्वास ठेवील, असेही त्याने बजावले होते. मुलीने सारे ऐकून घेतले, थोडा वेळ त्या डागाकडे पाहिले आणि टॉर्चला लाल कागद लावून वहीत तारीख घातली.

नमस्कार.