आमेननंतरची दोन मिनिटं

श्रोतेहो, नमस्कार. प्रभू येशूच्या नावात तुम्हां सर्वांना शांती असो.

मी बरीच वर्षं संडेस्कूल घेतलं. कुणाच्या घरी आजारपण आलं की प्रार्थनेला मला बोलावतात. सांगायचं हे, की प्रार्थनेचे शब्द मला कधी शोधावे लागले नाहीत. तोंड उघडलं की येत गेले. पण मधल्या काही वर्षांत त्या शब्दांमागचा आनंद कधी निघून गेला, ते मला कळलंच नाही. कोणतं मोठं दुःख कोसळलं नव्हतं. विश्वास होता, उपासना चुकत नव्हती, पवित्र शास्त्राचं वाचन रोज होत होतं. मन मात्र कोरडं होतं. हे कुणाला सांगायचीही सोय नव्हती, कारण मला सगळे भक्कम विश्वासाची समजत.

माझा नातू सहा वर्षांचा आहे. रात्री झोपण्यापूर्वी आम्ही दोघं प्रार्थना करतो. एके रात्री मी ‘आमेन’ म्हटलं, दिवा घालवायला उठले आणि पाहिलं तर हा तसाच बसलेला. डोळे घट्ट मिटलेले, हात जोडलेले, मान किंचित एका बाजूला कललेली. शेजारच्या खोलीतलं बोलणं ऐकताना कलते तशी.

मी म्हटलं, “बाळा, झाली की प्रार्थना.”

डोळे न उघडता तो म्हणाला, “आपलं झालं आजी. आता त्याची पाळी.”

मी परत खाली बसले. मिनिट-दोन मिनिटं गेली असतील. त्याने डोळे उघडले तेव्हा मी विचारलं, “काय म्हणाला देव?”

“आज काही नाही बोलला,” तो अगदी सहज म्हणाला, “पण होता.”

एवढं बोलून पांघरूण ओढून तो झोपी गेला. मला मात्र झोप लागेना. इतकी वर्षं मी देवाशी बोलत आले होते, पण समोर कुणीतरी आहे असं धरून शेवटचं कधी थांबले होते?

त्या रात्री मी पवित्र शास्त्रातल्या 1 शमुवेल या पुस्तकाचा तिसरा अध्याय काढला. संडेस्कूलमध्ये तो किती वेळा शिकवला असेन! तेव्हा माझं सगळं लक्ष शमुवेलाकडे, एलीच्या हाताखाली परमेश्वराची सेवा करणाऱ्या त्या मुलाकडे असायचं. या वेळी नजर एलीवर थांबली. म्हातारा याजक, दृष्टी मंदावलेली, आणि काळ असा की परमेश्वराचं वचन दुर्मिळ झालेलं. हाक येते ती त्याला नाही, मुलाला. मुलगा तीनदा धावत त्याच्याकडे येतो, आणि तिसऱ्या खेपेला एलीला उमगतं की हा परमेश्वराचा आवाज आहे. “बोल, तुझा दास ऐकत आहे,” हे काय म्हणायचं ते एलीला ठाऊक होतं. पण ते म्हणण्याची वेळ आली आहे, हे त्याला कळलं ते झोपेतून उठून धावत आलेल्या त्या पोरामुळे. ते वाचताना मला रडू आलं, आणि ते रडू दुःखाचं नव्हतं.

काही जण म्हणतात, लहान मुलांचं काय, सांगाल ते खरं मानतात. मला हे पटत नाही. हाच मुलगा, मेलेली चिमणी पाहून, देवाने तिला का पडू दिलं म्हणून दोन दिवस माझ्या मागे लागला होता. मला नीट उत्तर देता आलं नाही. त्याने तोच प्रश्न प्रार्थनेत देवाला विचारला आणि नेहमीसारखा थांबला. शंका असतानाही तो देवाजवळून उठला नाही. माझ्या शंका मात्र मी इतकी वर्षं प्रार्थनेबाहेर ठेवत आले होते.

येशूकडे आणलेल्या बाळकांना शिष्यांनी अडवलं, तो प्रसंग मत्तय, मार्क आणि लूक या तिन्ही शुभवर्तमानांत आहे. पण ते पाहून येशूला राग आला, हे फक्त मार्कच सांगतो, दहाव्या अध्यायात. मग येशूने त्या बाळकांना नुसता आशीर्वाद दिला नाही, कवेत घेतलं. हे मी पूर्वी भरभर वाचून पुढे जात असे.

आता ‘आमेन’नंतर आम्ही दोघंही थांबतो. कधी मनात एखादं वचन येतं, कधी कुणाची तरी आठवण येते, पुष्कळदा काहीच नाही. पण सकाळी उठताना रात्रीची ती वेळ आठवते आणि मन हलकं होतं. असं कित्येक वर्षांत झालं नव्हतं.

काल तो थांबता थांबताच पेंगला. डोकं माझ्या दंडावर आलं, हात अजून जोडलेलेच होते. मी दिवा घालवायला उठले नाही.