केस माझे, केस अण्णांवर

अध्यक्ष महोदय, वाचनालयाचे विश्वस्त आणि समोर बसलेली मंडळी,

पत्रिकेवर विषय छापलाय 'टाळेबंदी आणि मूलभूत हक्क'. विषय मोठा, वेळ पाऊण तास. कार्यवाहांनी मघाशी माझ्या कानात सांगितलं, "वकीलसाहेब, कलमं जरा बेतानं, लोक पेंगतात." मी म्हटलं, चौतीस वर्षं कलमं सांगतोय, समोर न्यायाधीश पेंगलेले पाहिलेत, श्रोत्यांचं काय घेऊन बसलात! तरी एक आधीच कबूल करतो. मूलभूत हक्कांबद्दल मला जे काही उमजलं, ते पुस्तकांत कमी आणि शेजारच्या गोठ्यात जास्त उमजलं. म्हणून आधी गोठा, मग घटना.

तुम्हाला ते करोनाचे दिवस आठवत असतील. २४ मार्च २०२०. रात्री आठला पंतप्रधान बोलले आणि बाराला देश बंद झाला. मधे चार तास. आमच्याकडे लग्नाचं वऱ्हाड निघायलाही याहून जास्त वेळ लागतो. राज्यात तर आदल्या दिवशीच संचारबंदी पुकारलेली. आणि उजाडला तो गुढीपाडवा. मी सकाळी कडुनिंबाचा डहाळा आणायला कोपऱ्यापर्यंत गेलो. तिथल्या हवालदारानं अडवलं. ओळखीचाच. म्हणाला, "साहेब, पाला अत्यावश्यक आहे का?"

आता याला काय उत्तर द्यावं? माझी आई म्हणाली असती, आहे. डॉक्टर म्हणाला असता, नाही. आणि मी वकील, मी म्हणालो असतो, तारीख द्या. (हशा) पण मी काहीच म्हणालो नाही. बिनपाल्याची गुढी उभारली. तो 'अत्यावश्यक' शब्द मात्र त्या दिवशी जो डोक्यात बसला तो अजून निघालेला नाही. दूध अत्यावश्यक, औषध अत्यावश्यक, किराणा अत्यावश्यक. इथवर ठीक. मग मे महिना उजाडला आणि दारूची दुकानं उघडली. रांगा तुम्ही पाहिल्यात. काही जण रांगेतही असतील, मी नावं घेत नाही. सलून मात्र बंद. ती उघडली २८ जूनला, तीही फक्त केस कापायला. दाढीला परवानगी नव्हती. म्हणजे तीन महिन्यांहून जास्त काळ कात्रीला हात लावायचा नाही, असा हुकूम एका अख्ख्या व्यवसायाला झाला. राज्यात ठिकठिकाणी नाभिक समाजानं निदर्शनं केली, निवेदनं दिली. निवेदन द्यायलाही पाचापेक्षा जास्त माणसं गेली की तो पुन्हा जमावबंदीचा भंग.

तर आमचे अण्णा. माझ्या डोक्यावर वीस वर्षं त्यांचाच हात. मे महिन्याच्या मध्याला माझा अवतार असा झाला होता, की नात मला बघून रडायला लागली. मी अण्णांना फोन केला. नीट ऐका, फोन मी केला. अण्णा म्हणाले, "नको साहेब, दिवस वाईट आहेत." मी म्हटलं, शेजारच्या गोठ्यात बसू, कोण बघतंय? वकिलानं दिलेला सल्ला हा! अण्णा धोकटी घेऊन आले. तोंडाला फडकं बांधलेलं, हात साबणानं धुतलेले. मी पाटावर बसलो, समोर म्हैस. अर्धं डोकं झालं. डावी बाजू साफ, उजवी बाजू जंगल. आणि दारात मोटारसायकल थांबली.

कुणीतरी खबर दिली होती. कुणी ते मला ठाऊक आहे, तो इथे आलेला नाही, असो.

पोलीससाहेब आत आले. मला बघून जरा चपापले. म्हणाले, "वकीलसाहेब, तुम्ही घरी जा." मला घरी पाठवलं आणि अण्णांना चौकीवर नेलं. तेव्हाच्या दंडविधानाचं कलम १८८, लोकसेवकाच्या आदेशाचा भंग. जोडीला २६९, म्हणजे हयगयीनं रोग पसरवण्यासारखं कृत्य. अण्णांना ना ताप, ना खोकला, पण भाजीवर कोथिंबीर भुरभुरावी तसं त्या दिवसांत १८८ वर २६९ पडायचंच. मुद्देमाल जप्त: एक धोकटी, दोन कात्र्या, एक वस्तरा, एक मशीन, कंगवे तीन, तुरटीचा खडा एक. पंचनाम्यात माझ्या केसांचाही उल्लेख आहे. 'मानवी केस, काळेपांढरे.' केस माझे कापले आणि केस झाली अण्णांवर.

मी अर्ध्या डोक्यानं जूनच्या अखेरपर्यंत टोपी घालून हिंडलो. लोकांना वाटलं, वकील राजकारणात उतरला.

आता हसून झालं असेल तर यातलं सांगतो. आदेश होता लोकांनी एकत्र येऊ नये असा. गोठ्यात एकत्र आलेली माणसं दोन. म्हैस धरत नाही. आदेशाचा भंग दोघांनी मिळून केला. गुन्हा दाखल झाला तो ज्याच्या हातात हत्यार होतं त्याच्यावर, आणि ते हत्यार म्हणजे त्याचं पोट. १९८५ साली मुंबईच्या फुटपाथवर राहणाऱ्यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सांगून ठेवलंय की जगण्याच्या हक्कात, म्हणजे कलम २१ मध्ये, उपजीविकाही येते. अण्णांची उपजीविका त्या वेळी पोलीस ठाण्याच्या मुद्देमाल खोलीत पडली होती, चिठ्ठी लावून.

माझं म्हणणं एवढंच आहे, आणि गेली पाच वर्षं जो भेटेल त्याला मी हेच ऐकवतोय. घरचे तर आता उठून जातात. हक्क कशाला म्हणायचं? जी गोष्ट कारण न सांगता करता येते तिला. मी रस्त्यानं का चाललोय हे मला कुणाला सांगावं लागत नाही, हा माझा हक्क. घटनेच्या कलम १९ मध्ये देशभर मुक्तपणे संचार करायचा हक्क आहे. सरकारला तो आवळता येतो, पण निर्बंध वाजवी पाहिजे, आणि तो वाजवी का आहे हे सरकारनं पटवून द्यायचं. कारण सांगण्याचा बोजा सरकारवर. टाळेबंदीत तो बोजा हळूच उचलून आपल्या खांद्यावर ठेवला गेला. मी कुठं चाललो, का चाललो, पुरावा काय, हे मी सांगायचं. ई-पासच्या अर्जात 'प्रवासाचं कारण' असा रकाना होता. माझी मावशी शेजारच्या जिल्ह्यात वारली. मी तीनदा अर्ज केला, तीनदा नामंजूर. चौथ्यांदा मंजूर झाला तेव्हा तेरावाही उरकला होता. अंत्यविधीला वीस माणसं चालत होती. एकविसावा मी असतो की काय, कोण जाणे.

आणि दुसऱ्या लाटेतलं ते लग्न! एप्रिल २०२१ चा आदेश: पंचवीस माणसं, दोन तास. दोन तासांत आमच्याकडे रुसलेला मामा मांडवात येत नाही.

यावर कुणी म्हणेल, वकीलसाहेब, माणसं मरत होती, तुम्हाला मामाची पडलीय. बरोबर आहे. मी टाळेबंदीच्या विरोधात नाही. आमच्या वकिलांच्या बारमधल्या दोन जणांच्या खुर्च्या दुसऱ्या लाटेनं रिकाम्या केल्या. घरात थांबा, हे सांगणं योग्यच होतं. माझी तक्रार आहे ती कुणाला कसं थांबवलं याबद्दल. आणि ही तक्रार आपल्याकडे जुनी आहे.

१८९६ च्या सप्टेंबरात मुंबईत मांडवीला प्लेगचा रोगी पहिल्यांदा ओळखला तो डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी, मूळचे गोव्याचे. पुढच्या फेब्रुवारीत सरकारनं साथरोग कायदा केला. उणीपुरी चार कलमं. चौथं कलम असं, की या कायद्याखाली सद्‌बुद्धीनं केलेल्या कशाबद्दलही कुणावर दावा लावता येणार नाही. पुण्यात रँडसाहेबाच्या हाताखाली गोऱ्या सोजिरांनी घराघरांत शिरून तपासण्या केल्या. देवघरं, माजघरं काही सोडलं नाही. पुढे २२ जूनला गणेशखिंडीत काय झालं ते शाळेतलं पोर सांगेल. पण शाळेत दोन गोष्टी राहून जातात. एक, त्याच मार्चमध्ये सावित्रीबाई फुले प्लेगच्या रोग्यांची सेवा करताना प्लेगनंच गेल्या. म्हणजे साथीची काळजी आणि सरकारी जुलमाचा राग, दोन्ही एकाच शहरात एकाच वेळी खरं होतं. आणि दुसरी, गोपाळ कृष्ण गोखल्यांची. त्यांनी इंग्लंडात सोजिरांच्या अत्याचारांबद्दल जाहीर आरोप केला, पुरावा उभा करता आला नाही, आणि परत आल्यावर माफी मागावी लागली. घडलेलं सिद्ध करायला साक्षीदार लागतो, आणि साथीत साक्षीदार घराबाहेर पडत नाही. मला तर वाटतं, त्या माफीवर एक स्वतंत्र व्याख्यान...

हो, चिठ्ठी मिळाली. 'पाच मिनिटे.' खाली दोन रेघा मारल्यात.

बरं. तर तो १८९७ चा चार कलमांचा कायदा आणि त्याच्या जोडीला २००५ चा आपत्ती व्यवस्थापन कायदा, या दोघांवर आपण एवढा मोठा देश बंद केला. आणीबाणी जाहीर झाली नव्हती, हे लक्षात घ्या. ती झाली असती तरी चव्वेचाळिसाव्या घटनादुरुस्तीमुळे कलम २१ स्थगित करता आलं नसतं. म्हणजे कागदावर एकही हक्क काढून घेतलेला नव्हता. सगळे जागेवर होते. फक्त पास लागत होता.

पत्रिकेत छापलेला खरा मुद्दा आता भराभर सांगतो. निर्बंध योग्य की अयोग्य, हे पाहायची कसोटी आहे. २०१७ च्या खासगीपणाच्या निकालात, नऊ न्यायमूर्तींच्या, ती नीट मांडलीय: कायद्याचा आधार आहे का, हेतू रास्त आहे का, आणि हेतूच्या मानानं निर्बंध बेताचा आहे का. १९८४ साली इटलीतल्या सिराक्युसाला जमलेल्या कायदेतज्ज्ञांनीही तेच म्हटलं. शिवाय निर्बंध मनमानी नको, भेदभाव करणारा नको. या कसोटीला साथ रोखण्याचा हेतू सहज उतरतो. बेताचेपणा उतरत नाही. चार तासांच्या मुदतीत घरी पोचू शकत होता तो घर असलेला माणूस. जालन्याच्या पोलाद कारखान्यातले मजूर भुसावळला रेल्वे मिळेल म्हणून रुळांवरून चालत निघाले, करमाडजवळ थकून रुळांवरच झोपले आणि ८ मे ला पहाटे मालगाडीखाली सोळा जण गेले. सगळे मध्य प्रदेशातले. रस्त्यानं गेलं तर पोलीस अडवतील ही धास्ती, म्हणून रूळ. ३१ मार्चला सर्वोच्च न्यायालयात सरकारतर्फे सांगितलं गेलं होतं की आता रस्त्यावर कुणी चालत नाही. न्यायालयानं स्वतःहून दखल घेतली ती २६ मे ला. आणि सप्टेंबरात संसदेत किती मजूर दगावले असं विचारलं, तर उत्तर आलं, अशी माहिती ठेवलेली नाही. परतलेल्यांचा आकडा होता, एक कोटीच्या वर. मेलेल्यांचा नव्हता.

न्यायालयांनी काहीच केलं नाही असं नाही. आपल्या औरंगाबाद खंडपीठानं ऑगस्ट २०२० मध्ये तबलिगी जमातीच्या परदेशी नागरिकांवरचे गुन्हे रद्द केले आणि त्यांना बळीचा बकरा केलं गेलं असं स्पष्ट नोंदवलं. साथीचं निमित्त करून गुजरातेत कामगारांचे तास बारा केले आणि ओव्हरटाइमचा दुप्पट दर काढला, ती अधिसूचना १ ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयानं उडवली. लसीची सक्ती कुणाच्या शरीरावर करता येणार नाही, हे मे २०२२ मध्ये सांगितलं. निकाल चांगले आहेत. तारखा बघा फक्त.

संपवतो, अध्यक्ष महोदय, उठू नका. अण्णांच्या खटल्याचं राहिलं.

माझ्याकडे पक्का मुद्दा होता. १८८ च्या गुन्ह्याची दखल न्यायालयानं घ्यायची तर त्या लोकसेवकाची लेखी तक्रार लागते, तेव्हाच्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम १९५. पोलिसांनी परस्पर दोषारोपपत्र पाठवून भागत नाही. मी टिपणं काढली, निवाडे काढले, फी घ्यायचा प्रश्नच नव्हता. दोन तारखा पडल्या. प्रत्येक तारखेला अण्णांचा दिवस बुडायचा, दुकान बंद. तिसऱ्या तारखेआधी लोकअदालत होती. अण्णा मला न सांगता गेले, गुन्हा कबूल केला, हजार रुपये दंड भरला आणि दुपारी दुकान उघडलं. माझी टिपणं अजून घरी फायलीत आहेत, कुणाला हवी असली तर सांगा.

पुढे सरकारनं टाळेबंदीतले ते खटले मागे घ्यायचं ठरवलं. मी पेपर घेऊन अण्णांकडे गेलो. खुर्चीत बसलो, बातमी वाचून दाखवली. अण्णांनी विचारलं, "मग माझे हजार परत येणार?"

"नाही अण्णा. तुम्ही कबूल केलंत ना."

"आणि ज्यांनी नाही केलं?"

"त्यांचं मागे घेतलं."

अण्णांनी वस्तरा पट्ट्यावर दोनदा ओढला. म्हणाले, "मान खाली करा, वकीलसाहेब."