शेअर दलालाविरुद्धचा दावा आणि मुदतीचे गणित

मुंबईच्या बाजारातला सौदा आज क्षणार्धात पुरा होतो. मात्र त्याच सौद्यात दलालाने ग्राहकाला न विचारता खरेदी-विक्री केली किंवा त्याचे पैसे अडकवून ठेवले, तर दाद मागण्याचा काळ १९६३ च्या मुदत कायद्यानुसार मोजला जातो, आणि तो सामान्यतः तीन वर्षांचा असतो.

एकेकाळी शेअर बाजाराच्या नियमांत लवादाकडे (न्यायालयाबाहेर तंट्याचा निवाडा करणाऱ्याकडे) जाण्यासाठी अवघे सहा महिने मिळत, आणि अनेकांना नुकसानीचा अंदाज येईपर्यंतच ते सरून जात. ऑगस्ट २०१० मध्ये शेअर बाजाराचे नियमन करणाऱ्या सेबीने परिपत्रक काढून या लवादालाही मुदत कायदाच लागू केला. छोट्या गुंतवणूकदाराच्या दृष्टीने ही फार मोलाची सुधारणा होती.

तीन वर्षे कोणत्या दिवसापासून मोजायची, यावर मात्र खरी लढाई होते. फसवणूक दडवली गेली असेल, तर कलम १७ प्रमाणे ती उघड झाल्यापासून, किंवा वाजवी दक्षता घेतली असती तर जेव्हा उघड झाली असती तेव्हापासून, मुदत सुरू होते. म्हणूनच ईमेलवर आलेली काँट्रॅक्ट नोट (सौद्याचा तपशील देणारा दलालाचा दस्तऐवज) आणि मोबाइलवरचे संदेश निर्णायक ठरतात; ते वेळेवर मिळाले असतील, तर ‘मला माहीतच नव्हते’ हे म्हणणे सहसा टिकत नाही.

सर्वांत क्लेशदायक प्रकरणे आश्वासनांवर विसंबलेल्यांची असतात. ‘पुढच्या महिन्यात हिशेब करून देतो’ असे दलाल फोनवर कितीही वेळा म्हणाला, किंवा ग्राहकाने त्याला कितीही पत्रे पाठवली, तरी मुदत थांबत नाही. कलम १८ नुसार दलालाने मुदत संपण्यापूर्वी आपली देणेदारी लेखी आणि सहीनिशी मान्य केली, तरच त्या दिवसापासून नव्याने मोजणी होते.

सेबीच्या स्कोअर्स संकेतस्थळावर तक्रार नोंदवण्याची एक वर्षाची मर्यादा वेगळी आहे. ती उलटली म्हणजे दावाच बुडाला, असा समज करून घेऊन कित्येक जण गप्प बसतात; तो समज चुकीचा आहे.

लवादाचा निवाडा विरुद्ध गेला, तर त्याला न्यायालयात आव्हान देण्यासाठी निवाडा हाती आल्यापासून तीन महिने मिळतात. सबळ कारण दाखवल्यास आणखी तीस दिवस मिळू शकतात. त्यापुढचा एका दिवसाचा विलंबही न्यायालयाला माफ करता येत नाही.