बिओकोवो : पाणी न धरणारा डोंगर

मकार्स्काच्या बंदरात उभं राहून मान वर केली, की लाल कौलांच्या मागे लगेच डोंगर दिसतो. मध्ये पठार नाही, टेकड्या नाहीत. पांढुरका उघडा कडा समुद्राजवळून सरळ आभाळात चढलेला. क्रोएशियाच्या दाल्मेशिया किनाऱ्यावरचा हा बिओकोवो. त्याचं सर्वांत उंच शिखर, स्वेती युरे, १७६२ मीटरवर आहे, आणि एड्रियाटिक समुद्र तिथून अवघ्या काही किलोमीटरवर.

१९८१ पासून हा डोंगर निसर्ग उद्यान म्हणून राखलेला आहे. शिखरापर्यंत २३ किलोमीटरचा एक अरुंद रस्ता जातो. वाटेत, बाराशे मीटरहून थोडं वर, कड्याबाहेर झुकलेला काचेचा स्कायवॉक आहे. तो २०२० मध्ये खुला झाला. पायाखाली दरी, समोर ब्राच आणि ह्वार ही बेटं. बरेच पर्यटक इथूनच मागे फिरतात. मात्र बिओकोवो समजून घ्यायचा असेल, तर पुढे जायलाच हवं.

पुढे लागतो तो नुसता दगड. धारदार, चरे पडलेला, जागोजागी भोकं असलेला. सह्याद्रीत फिरलेल्या माणसाला इथे एक गोष्ट फार खटकते. आपल्या गडांवर काळ्या कातळात खोदलेल्या टाक्यांत उन्हाळ्यातही पाणी सापडतं. इथे पाऊस पडतो, हिवाळ्यात भरपूर बर्फही पडतं, तरी वर एक ओढा वाहत नाही.

कारण हा दगड चुनखडीचा आहे. डायनासोरांच्या काळात उथळ समुद्राच्या तळाशी त्याचे थर साचले आणि पुढे भूगर्भातल्या रेट्याने उचलले गेले. पावसाचं पाणी हवेतला आणि मातीतला कार्बन डायऑक्साइड घेऊन किंचित आम्लधर्मी होतं आणि चुनखडी विरघळवतं. भेगा रुंदावतात, भेगांची विवरं होतात. आम्फोरा नावाचं इथलं एक विवर सातशे मीटरहून जास्त खोल आहे. आपण ज्यावर चालतो आहोत, तो डोंगर आतून पोखरलेला आहे.

वरून पाहिलं तर सगळीकडे वाडग्यासारखे खळगे दिसतात. डोंगरावरची जी काही माती वाहून येते, ती यांच्या तळाशी थांबते. डोंगरातल्या माणसांनी नेमक्या त्याच जागा हेरल्या. दगड वेचून बाजूला केले, त्यांचे गडगे रचले आणि आत चिमुकली शेतं पिकवली. चुना नाही, सिमेंट नाही, दगडावर फक्त दगड. हे बांधकामाचं कौशल्य क्रोएशियासह आठ देशांच्या नावाने युनेस्कोच्या अमूर्त वारसा यादीत २०१८ मध्ये नोंदलं गेलं. मला स्कायवॉकपेक्षा हे गडगे जास्त थोर वाटतात. काही खोल विवरांत उन्हाळ्यातही बर्फ टिकून राहतं. फ्रिज येण्याआधी लोक ते तोडून खाली मकार्स्काला नेत.

कातळाच्या फटीत एक अगदी ठेंगणं, जांभळं फूल उमलतं : एड्रिअँथस प्युमिलिओ. बिओकोवोबाहेर ते जगात कुठेही निसर्गतः उगवत नाही. इथल्या वनस्पतींसाठी फ्रान्सिस्कन धर्मगुरू आणि वनस्पतीशास्त्रज्ञ युरे रादिच यांनी कोटिशिना गावाच्या वर एक उद्यान उभं केलं. आखीव वाफे घालण्यापेक्षा त्यांनी डोंगरउतारावर जे मुळातच होतं, तेच बव्हंशी राखलं. त्यांचा हा निर्णय किती योग्य होता, ते तिथे हिंडताना पटतं.

मग वरचं ते सगळं पाणी जातं कुठे? डोंगराच्या पायथ्याशी चिकणमाती आणि वालुकाश्माचे थर आहेत, आणि त्यांतून पाणी सहज झिरपत नाही. तिथे अडलं की ते झऱ्यांच्या रूपाने बाहेर येतं. काही झरे तर थेट समुद्राच्या तळाशी फुटतात. स्थानिक लोक त्यांना व्रुल्या म्हणतात. ब्रेला गावाजवळच्या उपसागरात खाऱ्या पाण्यातून गोडं पाणी उसळून वर येताना दिसतं, आणि पोहणाऱ्याला मध्येच गार प्रवाह लागतो.

एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवायला हवी. वाळूतून मुरताना पाणी गाळलं जातं, तसं ते चुनखडीच्या भेगांतून जाताना फारसं गाळलं जात नाही. वर एखाद्या विवरात टाकलेली घाण त्या पाण्याबरोबर पायथ्याच्या झऱ्यांपर्यंत पोहोचू शकते. बिओकोवोवर येताना प्यायचं पाणी सोबत आणा, वाटेत मिळणार नाही. आणि रिकाम्या बाटल्या परत खाली न्या.