गेंडा जगतो तो जमिनीवर

केनियात 1970 साली सुमारे 20,000 काळे गेंडे होते. 1980 चं दशक संपता संपता त्यातले 400 सुद्धा उरले नव्हते. शिंगासाठी शिकार झाली, हे आपण सगळे जाणतोच. बंदूकधारी पहारा लागतो, त्याबद्दल माझं दुमत नाही. पण पहाऱ्यातून वाचलेला गेंडा पुढे टिकणार की नाही, हे ठरतं चाऱ्यावर, पाण्यावर आणि आसपासची माणसं त्या जमिनीला आपली मानतात का, यावर.

2018 मध्ये नैरोबी आणि नाकुरूच्या उद्यानांतून 11 काळे गेंडे त्सावो पूर्व उद्यानातल्या नव्या अभयारण्यात हलवले. कुणी गोळी झाडली नाही, तरी अकराच्या अकरा गेले. तिथलं पाणी खारट होतं. गेंडे पाणी पीत, त्याने तहान आणखी भडके, की पुन्हा पीत. अशक्त झालेल्या एकावर तर सिंहांनी हल्ला केला. जागा नीट न पारखता जनावर आणून सोडण्याची ही किंमत, आणि ती मुक्या जिवांनी मोजली. मला ही घटना आजही अस्वस्थ करते.

आता लाइकिपियाकडे येऊ. माउंट केन्याच्या पश्चिमेचं हे पठार. तिथली ओल पेजेटा ही 90,000 एकरांची कॉन्झर्व्हन्सी, म्हणजे खाजगी संवर्धनक्षेत्र. एकेकाळी हा गुरांचा मळा होता. आज तिथे शंभरावर काळे गेंडे आहेत, आणि बोरान जातीची हजारो गुरंही त्याच रानात चरतात. गुरं आणि वन्यप्राणी एका कुरणात नांदू शकत नाहीत, असं मानणाऱ्यांनी तिथली 'बोमा'ची पद्धत बघावी. सिंहांच्या भीतीने गुरं रात्री बोमात, म्हणजे गोठ्यात, कोंडतात. पूर्वी हा गोठा काट्यांचा असे. आता लोखंडी जाळ्यांचे सुटे भाग जोडून तो उभारतात आणि काही दिवसांनी उचलून पुढे नेतात. मागे शेणामुताचा थर राहतो. पाऊस पडला की तिथे कोवळं, कसदार गवत येतं आणि हरणं, झेब्रे त्यावर तुटून पडतात. आपल्याकडे धनगर शेतात मेंढ्या बसवतात, तेच तत्त्व. काळा गेंडा मात्र गवत फारसं खात नाही. वरच्या टोकदार ओठाने तो झुडपांचे शेंडे खुडतो. त्यामुळे झुडपं किती राहिली, हत्तींनी किती मोडली, याचा हिशेब वेगळा ठेवावा लागतो. ओल पेजेटाच्या उत्तरेच्या कुंपणात मुद्दाम वाटा सोडल्यात. तिथे गुडघाभर उंचीचे खांब दाटीने रोवलेत. हत्ती ते ओलांडून जातो, गेंड्याला ते जमत नाही.

लेवा या दुसऱ्या कॉन्झर्व्हन्सीची कथाही मळ्यातूनच सुरू होते. क्रेग कुटुंबाच्या जमिनीवर 1983 मध्ये संवर्धक ॲना मर्झ यांच्या पुढाकाराने गेंड्यांसाठी छोटं अभयारण्य झालं आणि पुढे सगळा मळाच संवर्धनाला दिला गेला. 2014 मध्ये लेवा आणि शेजारची बोराना कॉन्झर्व्हन्सी यांच्यामधलं कुंपण काढलं, तेव्हा गेंड्यांना मोकळं रान मिळालं. हे फार गरजेचं होतं, कारण दाटी झाली की नर एकमेकांना जिवे मारतात.

पण मळे मुळात कुणाच्या जमिनीवर उभे राहिले? 1904 आणि 1911 च्या करारांनी इंग्रजांनी मासाई लोकांना आधी लाइकिपियात आणलं आणि मग तिथूनही दक्षिणेला हाकललं. ही जखम भरलेली नाही. 2017 च्या दुष्काळात पशुपालक आपली गुरं घेऊन तिथल्या मळ्यांत शिरले, रक्तपात झाला. त्याला नुसतं अतिक्रमण म्हणून बाजूला सारणं मला पटत नाही.

म्हणूनच मला उत्तर केनियातल्या सेरा कॉन्झर्व्हन्सीचं महत्त्व अधिक वाटतं. हा सांबुरू पशुपालकांचा मुलूख. 2015 मध्ये इथे 10 काळे गेंडे आणले. पूर्व आफ्रिकेत गावकऱ्यांच्या सामूहिक जमिनीवर, त्यांच्याच राखणीत असलेलं हे पहिलं गेंडा अभयारण्य. राखणदार त्याच वस्त्यांतले. कानाच्या कडेला केलेल्या खाचांवरून ते एकेक गेंडा ओळखतात.

तरीही 'सामूहिक' अशी पाटी लावली की काम झालं, असं नाही. जानेवारी 2025 मध्ये केनियातल्या इसिओलो शहराच्या न्यायालयाने दोन सामूहिक कॉन्झर्व्हन्सी बेकायदा ठरवल्या. लोकांना पुरेसं विचारात न घेताच त्या स्थापन केल्या गेल्या होत्या. केनियात 2016 पासून सामूहिक जमीन समाजाच्या नावे नोंदवण्याचा कायदा आहे. संवर्धनाचा करार करायला येणाऱ्या प्रत्येक संस्थेने आधी ती नोंद करून द्यायला मदत करावी, चराईच्या वाटा आणि दुष्काळातली राखीव कुरणं पशुपालकांसोबत बसून ठरवावीत, आणि गेंडे त्यानंतर आणावेत.