‘मला माहीत नाही’ म्हणणारा साक्षीदार

(व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

प्रभूच्या नावाने सर्वांना सलाम.

विषय आहे ‘रोजच्या जगण्यात आपली श्रद्धा दुसऱ्याला सांगावी कशी’. संयोजकांनी तुमच्याकडून आधीच प्रश्न मागवून घेतले होते, त्या चिठ्ठ्या माझ्या हातात आहेत. अक्षरं वेगळी, पण फिरून फिरून प्रश्न तीनच. बोलायचं कधी? बोलायचं किती? आणि समोरच्याने नको म्हटलं तर? तिन्हींवर बोलणार आहे. पण त्याआधी एका माणसाची गाठ घालून देतो, कारण या विषयावर मला जे काही म्हणायचं आहे ते मी त्याच्याकडून शिकलो.

योहानाच्या शुभवर्तमानाचा नववा अध्याय. जन्मापासून आंधळा असलेला, भीक मागून जगणारा माणूस. त्याचं नाव शेवटपर्यंत कळत नाही. शिष्यांना तो दिसतो आणि त्यांना पहिला प्रश्न सुचतो तो काय, तर पाप कोणाचं, याचं की याच्या आईबापांचं? माणूस समोर बसलाय, कानांनी सगळं ऐकतोय, आणि त्याच्या डोक्यावरून चर्चा चाललीय. आपण रुग्णाच्या खाटेशेजारी उभे राहून रुग्णाबद्दल बोलतो ना, तसंच. येशू त्या चर्चेत अडकत नाही. जमिनीवर थुंकतो, चिखल करतो, त्याच्या डोळ्यांना लावतो आणि शिलोहच्या तळ्यावर जाऊन धू म्हणतो.

जाता जाता सांगतो. 2004 मध्ये जेरुसलेममध्ये सांडपाण्याच्या नळाचं काम चालू असताना जुन्या दगडी पायऱ्या सापडल्या. त्या शिलोहच्या तळ्याच्या असाव्यात असं पुरातत्त्ववाल्यांनी सांगितलं. ही बातमी वाचली तेव्हा मी तो अध्याय पुन्हा उघडला होता. डोळ्यांवर चिखल, आणि असा माणूस चाचपडत पायऱ्या उतरतोय. अजून काहीही झालेलं नाही. कोणीतरी जा म्हटलं, एवढ्यावर तो निघालाय.

तो बघत परत येतो आणि खरी गंमत सुरू होते. शेजारी भांडायला लागतात. कोणी म्हणतो तोच हा, कोणी म्हणतो छे, त्याच्यासारखा दिसतो. बिचारा सांगतोय, अहो, मीच तो! मग विचारतात, ज्याने बरं केलं तो कुठे आहे? याचं उत्तर ऐका. ‘मला माहीत नाही.’

त्याची पहिली साक्ष इथे संपते. चिखल, तळं, धुतलं, दिसलं, आणि माहीत नाही.

पुढे त्याला परूश्यांपुढे, म्हणजे नियमशास्त्र काटेकोर पाळणाऱ्या यहुदी धर्मपुढाऱ्यांपुढे नेतात. आईबापांना बोलावतात. आईबाप म्हणतात, मुलगा आमचाच, जन्मतः आंधळा होता हेही खरं, पण दिसायला कसं लागलं ते त्यालाच विचारा, तो वयात आलेला आहे. येशूला ख्रिस्त मानलं तर सभास्थानातून काढून टाकतील याची त्यांना धास्ती होती. या आईबापांवर मी कधी कडक बोललेलो नाही आणि तुम्हीही बोलू नका. समाजातून बाहेर पडणं म्हणजे काय ते ज्याच्यावर वेळ येते त्यालाच कळतं. इथे बसलेल्यांपैकी काहींना कळतं.

मग मुलाला दुसऱ्यांदा बोलावून सुनावतात, तो माणूस पापी आहे हे आम्हाला ठाऊक आहे. आता आपल्यापैकी कोणी असता तर वाद घालायला बसला असता. वचनं काढली असती, संदर्भ दिले असते, आवाज चढवला असता. हा म्हणतो, तो पापी आहे की नाही मला माहीत नाही. एक गोष्ट माहीत आहे, मी आंधळा होतो आणि आता मला दिसतं.

पुन्हा ‘माहीत नाही’! एका अध्यायात दोनदा. आणि ते पुन्हा पुन्हा तेच विचारत राहतात तेव्हा हा भिकारी त्या विद्वानांना विचारतो, का हो, तुम्हालाही त्याचे शिष्य व्हायचंय का? हसा, हसा. इथे हसलंच पाहिजे. शुभवर्तमानातल्या या जागेवर उपासनेत सगळे गंभीर चेहऱ्याने बसतात याचं मला नेहमी नवल वाटतं.

आता माझा आग्रहाचा मुद्दा. या माणसाचं ज्ञान बघा कसं वाढतं. सुरुवातीला म्हणतो, ‘येशू नावाचा माणूस’. थोड्या वेळाने ‘तो संदेष्टा आहे’. मग ‘तो देवापासून नसता तर त्याला काही करता आलं नसतं’. आणि शेवटी, हाकलून दिल्यावर येशू त्याला शोधत येतो तेव्हा, ‘प्रभू, मी विश्वास ठेवतो’. म्हणजे साक्ष देताना त्याची श्रद्धा पुरी झालेली नव्हती. साक्ष देता देता ती पुरी होत गेली. आपण नेमकं उलटं धरून बसलोय. आधी सगळं पाठ होऊ दे, सगळ्या शंकांची उत्तरं जमू देत, स्वभाव जरा सुधारू दे, मग सांगू. तो दिवस कोणाच्याच आयुष्यात उगवत नाही. मग आपण सगळं पाळकांवर सोपवतो. नाहीतर दुसऱ्या टोकाला जातो आणि ठरावीक वाक्यं पाठ करून बाहेर पडतो.

त्या दुसऱ्या टोकाबद्दल मनात एक सल आहे, तो आज बोलून टाकतो.

माझे वडील रुग्णालयात होते. शेजारच्या खाटेवर एक निवृत्त शिक्षक होते, दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांची शस्त्रक्रिया व्हायची होती. संध्याकाळी एका मंडळीतले बंधू आम्हाला भेटायला आले. वडिलांसाठी फार मनापासून प्रार्थना केली त्यांनी. मग जाता जाता शेजारच्या खाटेकडे वळले, एक पत्रक पुढे केलं आणि विचारलं, ‘आज रात्री डोळे मिटले तर तुम्ही कुठे जाल, याची खात्री आहे का?’ गुरुजी काही बोलले नाहीत. पत्रकाची नीट चार घड्यांची घडी केली आणि चष्म्याच्या डबीखाली ठेवली. बंधू गेले. पाच मिनिटांनी गुरुजींची पत्नी माझ्या आईकडे आली. चेहरा उतरलेला. म्हणाली, ‘ताई, यांचं उद्याचं इतकं धोक्याचं आहे का हो? तुमच्या पाहुण्यांना डॉक्टर काही बोलले का?’

त्या बाईंना ती डॉक्टरांची बातमी वाटली. आपल्या लोकांनी तारणाचा निरोप म्हणून जे दिलं, ते त्या घरात मृत्यूची सूचना म्हणून पोचलं. मला त्या बंधूंच्या हेतूबद्दल काडीचीही शंका नाही. पण ज्या प्रशिक्षणात असलं वाक्य हातात देतात आणि ते कोणापुढे, कुठे, कधी म्हणायचं नाही हे शिकवत नाहीत, त्या प्रशिक्षणाबद्दल माझी तक्रार आहे आणि ती मी जाईन तिथे मांडतो. आजारी माणूस उठून जाऊ शकत नाही. जो उठून जाऊ शकत नाही त्याच्यापुढे उभं राहून आपलं म्हणणं रेटणं ही सुवार्ता नव्हे. अडलेल्या माणसाला मदत करताना मदतीच्या मागे अट लावणं हीही सुवार्ता नव्हे. येशूने डोळे दिले तेव्हा त्या आंधळ्याकडून आधी काही कबूल करून घेतलं नव्हतं. त्याचा विश्वास अध्यायाच्या शेवटाकडे येतो, डोळे सुरुवातीलाच आले होते.

आईने काय केलं तेही सांगतो. तिने बाईंना समजावलं की डॉक्टर कोणाला काही बोललेले नाहीत. दुसऱ्या दिवशी शस्त्रक्रिया चालू होती तोवर ती बाईंच्या शेजारी बाकावर बसून राहिली. तिच्या सवयीप्रमाणे ओठ हलत होते. बाईंनीच विचारलं, ताई, काय म्हणताय? आई म्हणाली, स्तोत्र आहे, एकशे एकविसावं, मला धीर येतो त्याने. बाई म्हणाल्या, मग मोठ्याने म्हणा की. आठ ओव्यांचं ते स्तोत्र, डोंगरांकडे डोळे लावणाऱ्या माणसाचं. आईने ते म्हटलं. बाईंनी पुन्हा म्हणायला सांगितलं.

पुढे काय झालं असं मला हमखास विचारतात. गुरुजी बरे होऊन घरी गेले. ते ख्रिस्ती झाले का? आईने विचारलं नाही आणि मीही विचारलं नाही. एका घाबरलेल्या बाईने प्रश्न विचारला आणि तिला खरं उत्तर मिळालं. माझ्या लेखी ती पूर्ण साक्ष आहे.

संयोजकांनी घड्याळ दाखवलं. मला वाटलं होतं त्यापेक्षा बराच वेळ गेलाय, तेव्हा तुमच्या तीन प्रश्नांकडे झपाट्याने येतो.

बोलायचं कधी? पेत्राच्या पहिल्या पत्रात तिसऱ्या अध्यायात सांगितलंय की तुमच्या आशेचं कारण विचारणाऱ्या प्रत्येकाला उत्तर द्यायला तयार असा, आणि ते सौम्यतेने द्या. विचारणाऱ्याला. म्हणजे आपल्या वागण्यात विचारण्यासारखं काही हवं. कामाच्या ठिकाणी दुसऱ्याची चूक झाकून घेणारा, स्वतःचं श्रेय सोडणारा, कुचाळक्या चालू झाल्या की उठून जाणारा माणूस असला की कधी ना कधी कोणीतरी विचारतंच. त्या वेळी मात्र लाजू नका. ‘आमच्या घरचे संस्कार’ म्हणून वेळ मारून नेऊ नका. येशूचं नाव घ्या. मी गप्प राहण्याची वकिली करतोय असं कोणाला वाटत असेल तर तो गैरसमज आत्ताच काढून टाका. विचारल्यावरही गप्प राहणं याला मी नम्रता म्हणत नाही, ती भीती आहे.

आणि हे काम सामान्य माणसांचंच आहे. प्रेषितांची कृत्ये, अकरावा अध्याय. पहिला हुतात्मा स्तेफन याच्या वेळच्या छळामुळे पांगलेले लोक अंत्युखियाला पोचले. त्यांच्यातल्या कुप्र आणि कुरेने इथल्या काही माणसांनी तिथल्या ग्रीकांना प्रभूविषयी सांगितलं. ज्या शहरात शिष्यांना पहिल्यांदा ‘ख्रिस्ती’ म्हटलं गेलं, तिथली मंडळी अशी उभी राहिली, आणि त्या माणसांची नावं कुठेही नाहीत. दुसऱ्या शतकात केल्सस नावाच्या विरोधकाने ख्रिस्ती लोकांवर टीका केली होती. ती आज आपल्याला ऑरिजेन या ख्रिस्ती विद्वानाने सुमारे 248 साली दिलेल्या उत्तरातून कळते. त्याची तक्रार होती की लोकर विंचरणारे, चांभार, धोबी असले अडाणी लोक घराघरांत हा धर्म सांगत फिरतात. त्या माणसांचा मला अभिमान वाटतो. पण त्याच तक्रारीत पुढे असंही आहे की हे लोक मुलांना वडीलधाऱ्यांच्या मागे गाठतात. तो भाग आपण वाचताना गाळतो. गाळू नये. कोणाच्याही लेकराला घरच्यांपासून लपवून काही सांगू नका.

बोलायचं किती? विचारलंय तेवढं. कलस्सैकरांच्या पत्रात पौल मिठाने रुचकर केलेल्या बोलण्याबद्दल लिहितो, आणि मूठभर मीठ कोणी ताटात वाढत नाही. जुन्या करारातल्या ‘2 राजे’ या पुस्तकाच्या पाचव्या अध्यायात नामान या कुष्ठरोगी सेनापतीच्या घरची धरून आणलेली इस्राएली पोर आठवा. एकच वाक्य बोलते ती, धनी शोमरोनातल्या संदेष्ट्याकडे गेले असते तर बरे झाले असते. तेवढ्यावर सेनापती प्रवासाला निघतो. ज्या घराने तिला गुलाम केलं, त्या घराचं भलं व्हावं असं तिला वाटत होतं, म्हणून ते वाक्य कानावरून गेलं नाही. आणि विचारलेलं येत नसेल तर आपल्या आंधळ्यासारखं सांगा, माहीत नाही. वाचून, विचारून पुन्हा जा. पुन्हा जायला मात्र विसरू नका.

नको म्हटलं तर? मार्काच्या दहाव्या अध्यायात, आहे ते विकून गरिबांना दे आणि माझ्यामागे ये असं येशूने म्हटल्यावर श्रीमंत माणूस खिन्न होऊन निघून जातो. येशूने त्याच्याकडे बघून त्याच्यावर प्रीती केली असं तिथे लिहिलंय. आणि त्याला जाऊ दिलं. मागे धावला नाही, अट सैल केली नाही, शापही दिला नाही. नकार देणाऱ्याशी मैत्री चालू ठेवा. ती मैत्री श्रद्धा सांगण्यासाठी केली होती की माणसासाठी, हे नकारानंतरच कळतं, त्यालाही आणि आपल्यालाही.

शेवटची चिठ्ठी, मग थांबतो. यात कोणीतरी लिहिलंय, ‘बाहेर सगळ्यांशी बोलता येतं, घरच्यांशी येत नाही.’ ताई किंवा दादा, तुम्ही जे कोणी असाल, योहानाच्या सातव्या अध्यायात येशूच्या भावांचाही त्याच्यावर विश्वास नव्हता. पुढे पौल करिंथकरांना लिहितो की पुनरुत्थित ख्रिस्त याकोबाला दिसला, आणि हाच भाऊ याकोब जेरुसलेमच्या मंडळीचा आधार झाला. मधली वर्षं एकाच घरात कशी गेली असतील, त्यावर शुभवर्तमानं फार बोलत नाहीत. घरच्या माणसाने आपल्याला रागावलेलं, थकलेलं, खोटं बोलताना पाहिलेलं असतं. तिथे आधी माफी मागावी लागते, साक्ष नंतर. यावर अर्धा तास तरी बोलायला हवं होतं, तेवढा वेळ उरलेला नाही. ज्यांच्या घरात अजून कोणी ऐकत नाही, त्यांनी सभा संपल्यावर पुढे या. मी थांबणार आहे. आपण त्यांची नावं घेऊन प्रार्थना करू.