दार लावून भांड म्हणावं

(दृश्य : इंदूर, रामबाग. तिन्हीसांज. खाली देवघरात समई, वर माळ्यावरच्या खोलीत गिटार.)

खाली आजी मनाचे श्लोक म्हणायची आणि वर दादा मेटालिका या मेटल बँडची गाणी लावायचा. एकदा तिनं जिन्यातूनच विचारलं, "हा मेला कुणाशी भांडतोय रे एवढा?"

"स्वतःशीच, आजी."

"मग दार लावून भांड म्हणावं."

तसं पाहिलं तर समर्थांचे २०५ श्लोक म्हणजेही मनाशी बोलणंच. पण समर्थ मनाला वाट दाखवतात. मेटलला, म्हणजे दादाच्या त्या दणदणाटी रॉक संगीताला, वाट सापडलेली नसते.

१९७० सालचं ब्लॅक सॅबथ या बँडचं 'पॅरानॉइड' घ्या. अल्बम लांबीला कमी पडला म्हणून घाईत उरकलेलं गाणं. शब्द बासवादक गीझर बटलरचे, आवाज ऑझी ऑस्बोर्नचा. गंमत म्हणजे गाण्यात 'पॅरानॉइड' हा शब्द एकदाही येत नाही. त्यात एक माणूस आहे. त्याला आनंद जाणवतच नाही, आणि कपाळावर सतत आठ्या म्हणून लोक त्याला वेडा ठरवतात. आमच्या नातेवाइकांत अशाला 'जरा तिरसट आहे' म्हणतात. विषय संपला.

दादाचा जीव मात्र मेटालिकाच्या 'द अनफर्गिव्हन'वर. एकाच नावाची तीन गाणी : १९९१, १९९७, २००८. पहिल्यातला माणूस जन्मभर दुसऱ्यांच्या मर्जीनं वाकतो आणि म्हातारपणी त्यांनाच दोषी ठरवून मोकळा होतो. तिसऱ्यात दोष द्यायला दुसरं कुणी उरत नाही. माफ करता येत नाही ते स्वतःलाच. मधल्या काळात, २००१ मध्ये, गायक जेम्स हेटफिल्ड व्यसनमुक्तीच्या उपचारांसाठी दाखल झाला होता. गाण्याचा आणि त्याचा थेट संबंध मी लावत नाही. सालं तेवढी लक्षात ठेवते.

ही काही माफी नव्हे. पण पिंजऱ्यात कोण उभं आहे, ते तरी कळलं.

तिसरं गाणं आलं त्या वर्षी दादा इंजिनिअरिंगला होता. दोनदा नापास, घरी पत्ता नाही. तेच गाणं रात्र रात्र वाजायचं, दार बंद. एका रविवारी पोह्यांवर शेव घालता घालता त्यानं सगळ्यांसमोर सांगून टाकलं. बाबा उठून गेले. आजीनं त्याच्या बशीत आणखी एक जिलेबी ठेवली.

त्यानंतर वरचं दार उघडं असायचं. आवाज होताच. आजी श्लोक जरा मोठ्यानं म्हणायला लागली.